लिनक्स टॅबलेटवर यूएसबी डिव्हाइस मोड: केबलपासून नेटवर्कपर्यंत

टॅबलेटवर लिनक्स टाकलं, केबलने तो कॉम्प्युटरला जोडला आणि कॉम्प्युटरवर काहीच दिसलं नाही. बॅटरी चार्ज होतेय, बाकी सगळं शांत. इथे बरेच नवखे लोक समजतात, की पोर्ट खराब आहे किंवा त्या टॅबलेटला लिनक्सचा आधार अजून अर्धवट आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. अँड्रॉइडमध्ये डिव्हाइस मोड आधीच मांडून दिलेला असतो. साध्या लिनक्समध्ये तो तुम्ही किंवा तुमच्या डिस्ट्रोने (म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या आवृत्तीने) मांडावा लागतो.

यूएसबीच्या दोन टोकांना समान दर्जा नसतो. एक टोक होस्ट, दुसरं डिव्हाइस. संवाद नेहमी होस्ट सुरू करतो. डिव्हाइस विचारल्यावरच उत्तर देतं. टॅबलेटला कीबोर्ड लावता तेव्हा टॅबलेट होस्ट असतो. तोच टॅबलेट कॉम्प्युटरला लावता तेव्हा कॉम्प्युटर होस्ट असतो आणि टॅबलेटला डिव्हाइस व्हावं लागतं. लिनक्स कर्नलमध्ये या भूमिकेला ‘गॅजेट’ म्हणतात. गॅजेट झालेला टॅबलेट कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट किंवा डिस्क म्हणून दिसू शकतो, आणि हे सगळं एकाच वेळीही होऊ शकतं.

ही मेहनत का घ्यायची? नव्या टॅबलेटवर लिनक्स उभं करताना वायफायचा ड्रायव्हर बहुधा उशिरा चालू लागतो. कधी स्क्रीनच उजळत नाही. अशा वेळी आत डोकावायला ही केबल हा एकच मार्ग उरतो. म्हणून कुठल्याही टॅबलेटवर मी सगळ्यात आधी हेच चालू करावं असं म्हणेन, आवाज आणि कॅमेरा नंतर.

पुढे फाइल, फोल्डर आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलात ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडतो, तेव्हा शंका आली की त्या फोल्डरात ‘एलएस’ करून नाव जसं दिसेल तसंच घ्या.

या कामात एकच शिस्त मी आग्रहाने सांगेन: खालून वर जायचं. केबल, मग कंट्रोलर, मग भूमिका, मग गॅजेटची मांडणी आणि शेवटी नेटवर्क. खालची पायरी पक्की आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही. लोक गॅजेटची स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा बदलत बसतात, आणि दोष त्याखालच्या पायरीवर असतो.

केबल

केबलमध्ये डेटाच्या तारा आहेत याची खात्री करा. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये त्या नसतात आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. जी केबल फोनच्या फाइल्स कॉम्प्युटरवर घ्यायला वापरून पाहिली आहे, तीच घ्या.

टॅबलेटला टाइप-सी पोर्ट असेल तर पहिल्या प्रयत्नाला दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल टाळा. कॉम्प्युटरकडे रुंद टाइप-ए टोक असलेली केबल वापरा. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टाइप-सीमध्ये कोण होस्ट हे ‘सीसी’ नावाच्या पिनांवरच्या रोधांवरून ठरतं. डिव्हाइस त्या पिना ५.१ किलोओहमच्या रोधाने खाली खेचतं, तर होस्ट आपल्या रोधाने वर खेचतो. टाइप-ए ते टाइप-सी केबलमध्ये वर खेचणारा रोध केबलच्या टोकातच बसवलेला असतो, त्यामुळे टॅबलेटपुढे डिव्हाइस होण्यावाचून पर्याय राहत नाही. दोन्ही टोकं टाइप-सी असली आणि दोन्ही यंत्रं दोन्ही भूमिका घेऊ शकणारी असली, तर कोण काय होईल याचा नेम नाही. कधी लॅपटॉपच टॅबलेटकडून चार्ज होऊ लागतो.

जुन्या मायक्रो-यूएसबी पोर्टात हेच काम ‘आयडी’ नावाची जादा पिन करते. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर टॅबलेट होस्ट, मोकळी असेल तर डिव्हाइस. म्हणून ओटीजी अडॅप्टर लावून डिव्हाइस मोड तपासू नका. तो अडॅप्टर टॅबलेटला मुद्दाम होस्ट बनवण्यासाठीच असतो.

मधला हबही काढून टाका. टॅबलेटला दोन पोर्ट असतील तर दोन्ही तपासा. पुष्कळदा त्यातला एकच डिव्हाइस होऊ शकणाऱ्या कंट्रोलरला जोडलेला असतो.

कंट्रोलर दिसतो का?

आता टॅबलेटवर टर्मिनल उघडा आणि ‘/सिस/क्लास/यूडीसी’ या फोल्डरात एलएस करा. यूडीसी म्हणजे यूएसबी डिव्हाइस कंट्रोलर. पूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच.

तिथे एखादं नाव दिसलं, तर कर्नलला डिव्हाइस होऊ शकणारा कंट्रोलर सापडलेला आहे. नावात कधी ‘एमयूएसबी’ असतं, कधी ‘सीआय_एचडीआरसी’, कधी नुसता एखादा हेक्स पत्ता आणि त्यापुढे ‘.यूएसबी’. टॅबलेटची चिप कोणाचीही असली तरी आतला यूएसबी कंट्रोलर बहुधा मोजक्या घराण्यांतलाच असतो: डीडब्ल्यूसी२, डीडब्ल्यूसी३, चिपआयडिया किंवा एमयूएसबी. हे नाव लिहून ठेवा, पुढे लागेल.

फोल्डर रिकामं असेल तर इथेच थांबा. गॅजेटची कितीही सुंदर स्क्रिप्ट लिहिली तरी ती चालणार नाही, कारण तिला जोडायला काही नाहीच. रिकाम्या फोल्डरची कारणं साधारण या क्रमाने तपासावीत.

पहिलं, कर्नलची बांधणी. ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ ही फाइल ‘झेडकॅट’ने वाचा. ती नसेल तर ‘/बूट’मध्ये कॉन्फिग नावाने सुरू होणारी फाइल पाहा. त्यात ‘यूएसबी_गॅजेट’ आणि ‘यूएसबी_कॉन्फिगएफएस’ हे पर्याय चालू हवेत. त्याखालचे एनसीएम (नेटवर्क), एसीएम (सीरियल) आणि मास स्टोरेज (डिस्क) हे उपपर्यायही हवेत. डीडब्ल्यूसी३ असेल तर तो ‘ड्युअल रोल’ प्रकारात बांधलेला आहे का ते बघा. फक्त होस्ट म्हणून बांधला असेल तर यूडीसी कधीच उगवणार नाही.

दुसरं, डिव्हाइस ट्री. एआरएम टॅबलेटवर कुठला भाग कुठे जोडला आहे हे कर्नलला यातूनच कळतं. यूएसबी कंट्रोलरच्या नोंदीत ‘डीआर_मोड’ नावाचा गुणधर्म असतो आणि त्याची किंमत ‘होस्ट’, ‘पेरिफेरल’ (म्हणजे डिव्हाइस) किंवा ‘ओटीजी’ (म्हणजे दोन्ही) असते. चालू डिव्हाइस ट्री ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’मध्ये फोल्डरांच्या रूपात दिसते, तिथे ‘फाइंड’ने डीआर_मोड शोधा. नव्याने आधार मिळालेल्या टॅबलेटांत तिथे ‘होस्ट’ लिहिलेलं आढळणं अगदी नेहमीचं आहे, कारण कीबोर्ड-माउस चालवणं ही पहिली गरज असते.

इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. डीआर_मोड थेट ‘ओटीजी’ करण्याऐवजी तात्पुरता ‘पेरिफेरल’ करून पाहा. तसं केल्यावर सगळं चाललं, तर कंट्रोलर आणि त्याचा फाय (तारांवरचे सिग्नल हाताळणारा भाग) दोन्ही ठीक आहेत आणि दोष भूमिका ओळखण्यात आहे. तरीही चाललं नाही, तर भूमिकेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एका बदलात शोधाचं क्षेत्र निम्मं होतं. बदलण्याआधी मूळ डीटीबी फाइलची (डिव्हाइस ट्री असलेल्या फाइलची) प्रत मात्र ठेवा, आणि बूट मेनूतून जुनी फाइल निवडता येते का हे आधी बघून घ्या.

तिसरं, अडकून पडलेला ड्रायव्हर. कंट्रोलरला फाय, वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर आणि टाइप-सी चिप यांची वाट पाहावी लागते. त्यातलं एक जरी आलं नाही तरी तो उभा राहत नाही, आणि चूकही ठळकपणे दाखवत नाही. ‘/सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस_डिफर्ड’ ही फाइल रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून वाचा. त्यात यूएसबी कंट्रोलरचं नाव असेल तर तो कोणाची तरी वाट बघतोय.

इंटेलच्या चिपवरचे टॅबलेट थोडे वेगळे. तिथे डिव्हाइस कंट्रोलरला ‘एक्सडीसीआय’ म्हणतात आणि बायोसमध्ये तो बंद असू शकतो. ‘एलएसपीसीआय’च्या यादीत तो दिसत नसेल तर बायोसमध्ये तसा पर्याय शोधा. पर्यायच नसेल तर त्या टॅबलेटवर डिव्हाइस मोडची आशा फारशी धरू नका.

भूमिका बदलली का?

कंट्रोलर दिसतोय पण तो अजून होस्टच्या भूमिकेत असू शकतो. टाइप-सीचा ड्रायव्हर चालू असेल तर ‘/सिस/क्लास/टाइपसी/पोर्ट०’ या फोल्डरात ‘डेटा_रोल’ आणि ‘पॉवर_रोल’ अशा दोन फाइल्स मिळतात. आतला चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्याची भूमिका. केबल लावल्यावर डेटा_रोलमध्ये ‘डिव्हाइस’ कंसात हवं आणि पॉवर_रोलमध्ये ‘सिंक’, म्हणजे वीज घेणारा.

या दोन फाइल्स वेगळ्या आहेत हे मनात ठसवून घ्या. वीज कोण देतो आणि डेटाचा होस्ट कोण, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. डॉकला लावलेला टॅबलेट डॉककडून चार्ज होत असतो आणि त्याच वेळी डॉकवरच्या कीबोर्डचा होस्टही असतो. म्हणून ‘चार्जिंग होतंय, म्हणजे डिव्हाइस मोड लागलाय’ हा निष्कर्ष काढता येत नाही.

टाइपसीचं फोल्डर नसेल तर ‘/सिस/क्लास/यूएसबी_रोल’ बघा. काही ड्रायव्हर तिथली ‘रोल’ फाइल उघडी ठेवतात आणि तिच्यात ‘डिव्हाइस’ लिहून भूमिका हाताने बदलता येते. डीडब्ल्यूसी३वर आणखी एक वाट आहे: ‘/सिस/कर्नल/डीबग/यूएसबी’खाली कंट्रोलरच्या नावाच्या फोल्डरात ‘मोड’ फाइल असते, तिच्यातही ‘डिव्हाइस’ लिहिता येतं. हाताने बदलल्यावर चालत असेल तर तूर्त पुढे जा. भूमिका आपोआप ओळखली जाणं हा नंतरचा विषय.

गॅजेट मांडणे

सुरुवातीला ‘सुडो -आय’ने पूर्ण रूट व्हा. नुसतं ‘सुडो एको’ करून पुढे बाणाने (‘>’ चिन्हाने) फाइलमध्ये लिहायला गेलात तर परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचं काम तुमच्या साध्या खात्याखाली होतं, सुडोखाली नाही.

आधी काही गॅजेट चालू नाही ना, ते पाहा. ‘एलएसमॉड’च्या यादीत ‘जी_इथर’ किंवा ‘जी_सीरियल’ असेल तर ते जुन्या पद्धतीचे तयार गॅजेट आहेत, ‘आरएममॉड’ने काढा. पोस्टमार्केटओएस (फोन-टॅबलेटसाठीची लिनक्स डिस्ट्रो) वापरत असाल तर बूट होतानाच ते एक गॅजेट उभं करतं आणि टॅबलेटला १७२.१६.४२.१ हा पत्ता देतं. तिथे पुढची मांडणी करायची गरजच नाही, थेट एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून बघा.

नसेल तर ‘मॉडप्रोब लिबकंपोझिट’ द्या. ‘/सिस/कर्नल/कॉन्फिग’मध्ये ‘यूएसबी_गॅजेट’ हे फोल्डर दिसू लागेल. हे कॉन्फिगएफएस, इथे फोल्डर बनवणं हीच कर्नलला दिलेली आज्ञा असते. त्यात ‘एमकेडीआयआर’ने ‘जी१’ नावाचं फोल्डर बनवा. ते बनताच आत फाइल्स आणि उपफोल्डर आपोआप उगवलेले दिसतील.

क्रमाने एवढं करा:

१. ‘आयडीव्हेंडर’मध्ये ०एक्स१डी६बी आणि ‘आयडीप्रॉडक्ट’मध्ये ०एक्स०१०४ लिहा. पहिला क्रमांक लिनक्स फाउंडेशनचा, दुसरा अनेक कामं एकत्र करणाऱ्या गॅजेटचा. स्वतःच्या वापरासाठी हे पुरेसं आहे.

२. ‘बीडिव्हाइसक्लास’मध्ये ०एक्सईएफ, ‘बीडिव्हाइससबक्लास’मध्ये ०एक्स०२ आणि ‘बीडिव्हाइसप्रोटोकॉल’मध्ये ०एक्स०१ लिहा. एकाच केबलवर नेटवर्क आणि सीरियल दोन्ही देताना विंडोजला या तीन नोंदी हव्याच असतात.

३. ‘स्ट्रिंग्ज’मध्ये ‘०एक्स४०९’ हे फोल्डर बनवा आणि आतल्या फाइल्सत उत्पादकाचं नाव, टॅबलेटचं नाव आणि सीरियल क्रमांक लिहा. ०एक्स४०९ म्हणजे अमेरिकी इंग्रजीचा भाषा-क्रमांक.

४. ‘फंक्शन्स’मध्ये ‘एनसीएम.यूएसबी०’ आणि ‘एसीएम.जीएस०’ अशी दोन फोल्डर बनवा. टिंबाआधीचा भाग कामाचा प्रकार सांगतो आणि तो अचूकच हवा. टिंबानंतरचं नाव तुमच्या मर्जीचं.

५. एनसीएमच्या फोल्डरात ‘होस्ट_अ‍ॅडर’ आणि ‘डेव्ह_अ‍ॅडर’मध्ये कायमचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाची ओळख) लिहा, दोन्ही वेगवेगळे. पहिल्या जोडीतला दुसरा अंक २ ठेवा. असा पत्ता स्थानिक वापराचा मानला जातो. ही पायरी लोक वगळतात आणि मग दर बूटला पत्ता बदलतो, कॉम्प्युटरला प्रत्येक वेळी नवं नेटवर्क कार्ड दिसतं आणि जपून ठेवलेली सेटिंग निरुपयोगी होते.

६. ‘कॉन्फिग्ज’मध्ये ‘सी.१’ बनवा आणि ‘एलएन -एस’ने दोन्ही फंक्शन त्यात जोडा.

७. शेवटी ‘यूडीसी’ या मोठ्या अक्षरांतल्या फाइलमध्ये आधी लिहून ठेवलेलं कंट्रोलरचं नाव लिहा.

शेवटची आज्ञा गेली की कॉम्प्युटरला नवं उपकरण जोडलं गेल्याचं कळायला हवं. ती आज्ञा चूक दाखवून परतली, तर ‘डीमेसेज’ने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांच्या शेवटच्या ओळी वाचा. कॉन्फिगमध्ये किमान एक फंक्शन हवं असं कर्नल म्हणत असेल तर सहावी पायरी राहिली आहे. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आलं तर कंट्रोलर आधीच दुसऱ्या गॅजेटने धरलेला आहे.

विंडोजसाठी आरएनडीआयएस (यूएसबीवरून नेटवर्कची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत) वापरा असा सल्ला जुन्या लेखांत सर्रास मिळतो. माझं मत स्पष्टपणे एनसीएमच्या बाजूने आहे. लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज ११ तिघांत एनसीएमचा ड्रायव्हर सोबतच येतो. आरएनडीआयएस मॅकओएसवर मुळात चालत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने कर्नलचे विकासक त्याच्यावर नाराज आहेत. जुन्या विंडोजशी गाठ पडणार असेल तरच त्याचा विचार करा.

कॉम्प्युटर काय म्हणतो

टॅबलेटवर ‘/सिस/क्लास/यूडीसी’मधल्या तुमच्या कंट्रोलरच्या फोल्डरात ‘स्टेट’ फाइल असते. ‘नॉट अटॅच्ड’ असेल तर टॅबलेटला केबलच्या पलीकडे होस्ट जाणवलेला नाही: केबल किंवा भूमिका, म्हणजे पुन्हा खाली. ‘कॉन्फिगर्ड’ असेल तर यूएसबीचं काम संपलं आणि यापुढचा कुठलाही प्रश्न नेटवर्कचा. मधेच ‘अ‍ॅड्रेस्ड’वर अडकलं असेल, तर होस्टने पत्ता दिला पण माहिती वाचून पुढे गेला नाही, दुसऱ्या पायरीतले वर्ग-क्रमांक तपासा.

कॉम्प्युटर लिनक्सचा असेल तर तिथेही डीमेसेज बघा. माहिती वाचताना उणे ७१ क्रमांकाची चूक वारंवार येत असेल तर ती सिग्नलची गडबड असते. केबल बदला, पोर्ट बदला, आणि मगच सॉफ्टवेअरकडे या.

पत्ता द्या आणि आत शिरा

टॅबलेटवर ‘यूएसबी०’ नावाचं नेटवर्क कार्ड आलं असेल, पण त्याला पत्ता नसेल. नेटवर्कमॅनेजर वापरणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते: गॅजेट प्रकारच्या कार्डांकडे नेटवर्कमॅनेजर मुळातच दुर्लक्ष करतो, तसा नियमच त्यात घातलेला आहे. ‘एनएमसीएलआय’ला ‘डिव्हाइस सेट यूएसबी० मॅनेज्ड येस’ सांगून त्याचं लक्ष वळवा. मग त्या कार्डासाठी ‘शेअर्ड’ पद्धतीचं कनेक्शन बनवा, म्हणजे कॉम्प्युटरला पत्ता देण्याचं कामही टॅबलेट करेल. हाताने करायचं तर दोन्ही बाजूंना एकाच जाळ्यातले पत्ते द्या. फक्त ते तुमच्या वायफायच्या जाळ्याशी जुळत नाहीत हे पाहा, नाहीतर पॅकेट भलत्याच वाटेने जातील.

स्क्रीन चालत नसेल आणि पत्ताच माहीत नसेल, तर आयपीव्ही६ मदतीला येतं. प्रत्येक कार्डाला एफई८० ने सुरू होणारा स्थानिक पत्ता सहसा आपोआप मिळतो. लिनक्स कॉम्प्युटरवरून त्या कार्डाचं नाव सांगून एफएफ०२::१ ला ‘पिंग’ करा, म्हणजे टॅबलेट स्वतःच्या पत्त्यानिशी उत्तर देईल. त्या पत्त्यापुढे टक्केचिन्ह आणि कार्डाचं नाव जोडून एसएसएच करता येतं. मात्र टॅबलेटवर त्या कार्डाला कोणीतरी चालू केलेलं हवं.

सीरियलचा मार्ग नेटवर्क पूर्ण कोसळलं तरी चालतो, म्हणून तो सोबत ठेवाच. टॅबलेटवर तो ‘टीटीवायजीएस०’ म्हणून दिसतो, लिनक्स कॉम्प्युटरवर ‘टीटीवायएसीएम०’ म्हणून. सिस्टमडी (सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा) असेल तर ‘सीरियल-गेटी’ ही लॉगिन देणारी सेवा टीटीवायजीएस० साठी चालू करा आणि कॉम्प्युटरवरून ‘स्क्रीन’ किंवा ‘पिकोकॉम’ने जोडा. जोडल्यावर पहिले काही क्षण पोर्ट व्यग्र दिसला किंवा भलतीच अक्षरं आली तर घाबरू नका. कॉम्प्युटरवरचा मोडेममॅनेजर हा मोडेम आहे का ते चाचपत असतो.

डिस्क म्हणून दाखवताना

मास स्टोरेज फंक्शनला कुठलीही फाइल किंवा विभाजन डिस्क म्हणून देता येतं. म्हणून टॅबलेटचं चालू विभाजनच द्यावं असा मोह होतो. ते कधीही करू नका. डिस्क म्हणून दिलेल्या जागेवर कॉम्प्युटर थेट ब्लॉक लिहितो, आणि टॅबलेटचं कर्नल त्याच वेळी आपल्या कॅशमधली माहिती खरी धरून लिहीत असतं. दोघांना एकमेकांची खबर नसते. फाइल सिस्टिम काही मिनिटांत उद्ध्वस्त होऊ शकते आणि आतल्या फाइल्स परत मिळतीलच असं नाही.

योग्य रीत अशी: ‘ट्रंकेट’ने एक रिकामी प्रतिमा-फाइल बनवा, ती फॅट पद्धतीने फॉरमॅट करा, आणि तिचा मार्ग फंक्शनच्या ‘लन.०’ फोल्डरातल्या ‘फाइल’मध्ये लिहा. ती एका वेळी एकाच बाजूने वापरायची: कॉम्प्युटरवरून इजेक्ट केल्यावरच टॅबलेटवर माउंट. पण फाइल्सची देवाणघेवाण एवढंच हवं असेल तर मी एसएसएचवरून ‘आरसिंक’ किंवा एसएफटीपीच वापरायला सांगेन. त्यात हा धोकाच नाही.

दर बूटला चालावं म्हणून

कॉन्फिगएफएसमधली मांडणी फक्त स्मृतीत असते, बूट झाल्यावर ती जाते. वरच्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि सिस्टमडीची ‘वनशॉट’ प्रकारची सेवा बनवा. तिच्यात ‘रिमेनआफ्टरएक्झिट’ चालू ठेवा आणि ती ‘सिस-कर्नल-कॉन्फिग.माउंट’नंतर चालेल असं लिहा. हाताने सगळं चालेपर्यंत सेवा बनवू नका, नाहीतर चूक स्क्रिप्टमध्ये आहे की क्रमात हे कळणार नाही.

गॅजेट मोडायचं तर उलट्या क्रमाने: यूडीसी फाइलमध्ये रिकामी ओळ लिहा, कॉन्फिगमधल्या जोडण्या काढा, मग कॉन्फिग, फंक्शन आणि स्ट्रिंग्जची फोल्डर ‘आरएमडीआयआर’ने, शेवटी जी१. ‘आरएम -आरएफ’ इथे चालत नाही.

सेवा कायमची चालू ठेवण्याआधी एक काम उरतं. टॅबलेट ज्या कुठल्या कॉम्प्युटरला चार्जिंगसाठी लावाल, त्याच्यासमोर आता तुमचा लॉगिन उघडा असेल. डिस्ट्रोने प्रतिमेसोबत दिलेला मूळ पासवर्ड बदला, एसएसएच फक्त कीने चालेल असं करा, आणि परक्या कॉम्प्युटरला लावायच्या वेळी ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने ही सेवा थांबवा. त्यासाठी मोडण्याच्या आज्ञाही सेवेच्या ‘एक्झेकस्टॉप’मध्ये आधीच लिहून ठेवाव्या लागतील.